सोंगगोकचा एक मार्च

एकोणीसशे एकोणीसच्या एक मार्चला सोलमध्ये लोकांनी जपानी राजवटीविरुद्ध स्वातंत्र्य पुकारलं, ही बातमी सोंगगोक गावाला पोचायला बारा दिवस लागले. टोफू विकणाऱ्या ओकबुननं आणि तिच्या नवऱ्यानं, पानसुल लोहारानं, दार लावून घेतलं, घरातल्या चादरी फाडल्या आणि झेंडे केले.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी पानसुल धान्याच्या पोत्यांवर चढला. "मान्से! कोरिया चिरायू होवो!"

मग अख्खा बाजार गरजला, "मान्से!"

जपानी शिपाई संगिनी रोखून धावत आले. त्यांच्यापुढे दोकसू होता. गावातलाच, जपान्यांच्या पोलिसात भरती झालेला.

"वहिनी, झेंडा टाका. उगाच मराल."

"तुला आईनं जन्म दिला, की ठाण्यातनं उचलून आणलं रे?" ओकबुन म्हणाली.

आजूबाजूचे खो खो हसले. दोकसूचं तोंड लालबुंद झालं. त्यानं बंदुकीचा दस्ता तिच्या हातावर घातला आणि तिची बोटं काडकन मोडली. पानसुलनं खाली उडी टाकली.

"हाच म्होरक्या!" दोकसूनं बोट दाखवलं.

शिपायानं संगीन पानसुलच्या पोटात खुपसली, फिरवली आणि उपसली. तेवढ्यात गोळीबार सुरू झाला. माणसं मुळ्यांच्या ढिगांवर कोसळत होती. ओकबुननं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि झग्याच्या घोळानं त्याचं पोट दाबून धरलं. रक्त थांबेना.

"गप्प का बसलीस?" तो कण्हत म्हणाला. "ओरड की!"

ती "मान्से!" ओरडली. तो गेल्यावरही ओरडत राहिली. त्या दुपारी बाजारात अकरा माणसं मेली. ओकबुननं आठ महिने तुरुंगात काढले.

सत्तावीस वर्षांनी, जपानी निघून गेल्यावर, एक मार्च हा राष्ट्रीय सण ठरला. शाळेच्या मैदानात मांडव पडला. ओकबुनला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. नवे पोलीसप्रमुख भाषणाला उठले आणि तिनं चेहरा ओळखला. तो दोकसू होता; जपान्यांचे पोलीस नव्या राजवटीनं तसेच ठेवले होते.

"आपल्या हुतात्म्यांनी सांडलेलं रक्त..."

"ते सांडलं कुणी, तेही सांग!" ओकबुन उभी राहिली.

"मावशी, खाली बसा." मग त्यानं तिला ओळखलं. आवाज खाली आला. "वहिनी, जुनं उकरू नका. तेव्हा पोटासाठी केलं मी."

"पोट तर माझ्या नवऱ्याचं फाडवलंस!"

तिनं जवळच्या झेंड्याचा बांबू उपसला, मंचावर चढली आणि सगळा जोर लावून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात रक्तासकट टेबलावर पडले. पोलिसांनी तिला खाली ओढलं आणि बुटांनी तुडवलं. ते पाहून बाया-माणसं खुर्च्या उचलून मंचावर तुटून पडली. दोकसू शाळेच्या मागच्या खिडकीतून पळाला.

ओकबुनच्या तीन बरगड्या मोडल्या, वर तीन दिवस कोठडी. दोकसूची फक्त बदली झाली. हुद्दा तोच राहिला.

पुढच्या वर्षी शाळेतल्या समारंभाचं बोलावणं तिला आलं नाही. ती सकाळीच बाजारात, पानसुल पोत्यांवर चढला होता त्या धान्याच्या दुकानांपाशी जाऊन उभी राहिली. हळूहळू माणसं जमली. तिनं त्या दुपारी मेलेल्या अकरा जणांची नावं एकेक करून घ्यायला सुरुवात केली. गर्दीत त्यांच्यातल्याच एका मुलाचा म्हातारा बाप होता. आपल्या लेकाचं नाव आल्यावर तो मटकन खाली बसला. कुणीतरी त्याला पाणी दिलं. तो पुन्हा उभा राहीपर्यंत ओकबुन थांबली आणि मग तिनं पुढचं नाव घेतलं.