कावळ्यांच्या लेखी

कावळे मावशींच्या मागे हात धुऊन लागले त्याला आता अकरा महिने झाले होते. बसमधून उतरलं की प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंत चारशे पावलं, आणि तेवढ्यात डोक्यावर चार-दोन चोची ठरलेल्या. ऊन असो नसो, मावशींची छत्री उघडीच. रस्त्यावर इतकी डोकी जात-येत होती, पण मेल्यांना नेमकं हेच डोकं आवडलं होतं.

शेजारीण म्हणाली, काहीतरी पाप घडलं असेल हातून. मावशींनी आधी तिला उडवून लावलं, मग रात्रभर जागून आठवून पाहिलं. चिमणीचं घरटंसुद्धा कधी मोडलं नव्हतं.

तेही एकवेळ चाललं असतं. पण चार वर्षांची नात रोज संध्याकाळी त्यांचं बोट धरून बागेत जायची, ते सुनेनं बंद केलं. "आई, उद्या तिच्या डोळ्याला चोच लागली तर?" ती म्हणाली. सून वाईट नव्हती आणि म्हणत होती ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. आता मावशी बागेत जातच नव्हत्या, आणि नात विचारायची, "आजी, कावळे तुझ्यावर का रागावलेत?" या प्रश्नाला काय कपाळ उत्तर देणार?

आणि नोकरी कसली, तर कावळ्यांना खाऊ घालायची. प्रयोगशाळेच्या मागे खोलीएवढा जाळीचा पिंजरा होता. तिथले संशोधक सर कावळे पकडून आणायचे, महिनाभर ठेवायचे, पायात रंगीत कडी घालून सोडायचे, की पुढची तुकडी. कावळा माणसाचा चेहरा किती लक्षात ठेवतो, हा सरांचा विषय. दाणे घालायला आत जाताना सरांच्याच चेहऱ्याचा रबरी मुखवटा घालायचा, हा त्यांचा नियम. तो मुखवटा नीट बसावा म्हणून माप घ्यायचं सांगून, मावशी कामाला लागल्या त्याच आठवड्यात त्यांच्या तोंडावर प्लास्टर थापलं होतं. नाकात नळ्या घालून अर्धा तास पडून राहिल्या होत्या बिचाऱ्या. वर घरी येऊन ते कौतुकानं सांगितलंही होतं.

सर आवारात निघाले की कावळे त्यांच्या मागून तुरुतुरु चालायचे. पाहुणे हरखून जायचे. "मुक्या जिवांना माणूस कळतो," सर म्हणायचे. अंडी उकडणार मावशी, शेंगा सोलणार मावशी, विष्ठा खरवडणार मावशी, आणि कावळ्यांच्या लेखी सर देवमाणूस.

बुधवारी सकाळी मावशी झाडू घ्यायला गेल्या तेव्हा सरांचं एरवी कुलपात असणारं कपाट उघडं राहिलं होतं. आत जाळं होतं, जाड हातमोजे होते, आणि खुंटीला मावशी टांगलेल्या होत्या. तेच कपाळ, तेच गाल, नाकाच्या डाव्या बाजूचा तीळसुद्धा. रबरावर चोचींचे ओरखडे होते.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुखवटा खुंटीवरून ओढून त्या तडक सरांच्या खोलीत शिरल्या आणि तो टेबलावर आपटला.

"हा घालून कोण काय करतं, सर?"

"सापडला का तुम्हाला? मीच घालतो, कावळे पकडताना." सर जराही ओशाळले नाहीत, उलट खुलले. "बसा, गंमत सांगतो. तुम्ही येता तेव्हा मी या खिडकीतून मोजतो. पहिल्या महिन्यात दोन कावळे ओरडायचे, आता सत्तावीस. त्यातल्या वीस जणांना तर आपण कधी पकडलेलंच नाही. नुसतं बाकीच्यांचं बघून चिडतात."

अकरा महिने. हा माणूस खिडकीत चहा पीत मोजत होता.

"माझाच चेहरा का?"

"रोज ये-जा करणारं कुणीतरी हवं होतं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही बिचकत चालला असता, सगळ्या नोंदी बिघडल्या असत्या."

"मग पकडायलाही तुमचाच घालायचा होता."

"असं कसं मावशी, मला चार ठिकाणी जावं लागतं."

मावशींना वाटलं, तो मुखवटा उचलून याच्या तोंडात कोंबावा. त्यांनी आवाज खाली ठेवला. "विसरतील कधी?"

"विसरत नाहीत ते. पिल्लांनाही शिकवतात. उलटं शिकवायचं म्हटलं तरी पाच-सहा वर्षं लागतील."

पाच-सहा वर्षांनी नात दहा वर्षांची होईल. तेव्हा ती आजीचं बोट धरणार आहे का?

मावशी उठल्या. पिंजऱ्यात चौदा कावळे होते, शनिवारी सुटणार होते. त्यांनी अंड्यांची बादली उचलली, सरांचा मुखवटा पिंजऱ्याबाहेरच्या खुंटीवरच राहू दिला, आणि उघड्या चेहऱ्यानं आत जाऊन आतून कडी घातली. पिंजऱ्यात एकच कालवा उठला. एक कावळा सरळ कपाळावर आला. रक्ताचा ओघळ भुवईपर्यंत उतरला, तरी मावशींनी हात वर केला नाही.

सर धावत आले. "मुखवटा घाला, मावशी. तीन वर्षांचं काम आहे माझं."

"यांचं काही चुकलेलं नाही सर, यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सगळं माहीत होतं."

"बाहेर या आधी," म्हणत सरांनी जाळीत बोटं घातली.

त्यांना बघताच कालवा थांबला. चौदाच्या चौदा कावळे मावशींकडे पाठ करून जाळीपाशी गेले आणि लाडानं सरांच्या बोटांशी खेळू लागले. सरांची नजर कावळ्यांवर खिळली आणि दुसरा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

मावशींनी ते पाहिलं. पदरानं भुवई पुसून त्या खाली बसल्या आणि अंडं सोलायला घेतलं. शनिवारला अजून तीन दिवस होते.