तोंडातला चहा

जन्मभर पाठीवर पोती वाहून हमालाला मिळालं काय, तर जांघेत लिंबाएवढा हर्निया. विमा नाही, त्यामुळे मोठ्या दवाखान्यांनी दारातूनच परतीची वाट दाखवली. शेवटी एका परगावच्या सर्जनने अशांसाठी फुकट ऑपरेशनं सुरू केली. आज शेवटचा दिवस, शेवटचा नंबर, आणि तो हमालाचा. अट एकच: पोटात पाण्याचा थेंबही नको. नाहीतर नंबर राखीव माणसाला जायचा. राखीव होता त्याचा साडू, धंद्याने खाटीक. दुखणंही तेच.

कपडे बदलायच्या खोलीत साडू थर्मास घेऊन आला.

"दादा, घोटभर घ्या. कोण बघतंय?"

"मी घोट घ्यायचा आणि तू आत जायचं, होय ना? बायकोने आधीच सांगितलंय, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा फार मायाळू आहे म्हणून!"

साडूने दाराला कडी घातली. बोकड दाबावा तसा त्याला फरशीवर आडवा केला, छातीवर गुडघा रोवला, नाक चिमटीत धरलं. तोंड उघडताच थर्मास ओतला.

जीभ पोळली. गिळलं की संपलं! हमालाने ओठ गच्च आवळले. आता ओरडायचं तरी कसं? नाक सोडून साडूने ठोसा हाणला. दुसऱ्या ठोशाला दात निखळून चहातच पडला.

"गिळ! गिळ म्हणतो ना!" अहोजाहो कधीच गळून पडलं होतं.

हमालाने मान वळवली आणि चहा, रक्त, दात, सगळं साडूच्या डोळ्यांत थुंकलं. तो आंधळ्यासारखा मागे सरला. दार दोन पावलांवर होतं. हमालाने कडी काढायची, की जिंकला.

पण साडूला नेमकं कुठे दुखतं, हे हमालाइतकं कुणाला ठाऊक? त्याने तिथेच लाथ घातली. मग "घे, तूच घे चहा!" म्हणत आणखी एक.

साडू किंचाळत कोसळला, हिरवं ओकू लागला. दारावर धडका बसल्या तेव्हा हमालाने कडी काढली. सिस्टरने साडूच्या पोटाला हात लावला. ते फळीसारखं ताठ होतं.

"स्ट्रेचर आणा! आतडं फुटलंय बहुतेक. याला आधी घ्या, नाहीतर जाईल हा!"

"सिस्टर, नंबर माझा आहे," हमाल सुजल्या तोंडाने म्हणाला. "थेंबसुद्धा गिळला नाही मी."

"असेल हो. पण तुम्ही उद्याही जगणार आहात."

"आणि डॉक्टर?"

"ते आज संध्याकाळीच जातायत."

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. आडव्या थर्मासच्या तळाशी थोडा चहा उरला होता. हमालाने तो झाकणात ओतला आणि दाताची जागा झोंबत असताना सगळा पिऊन टाकला.