असल पुस्तकातला एक शब्द

“उलटं म्हणजे कसं? हातावर?” मलप्पानं गाळणी आपटत विचारलं.

“हातावर कशाला? पाय मागं टाकत. तोंड इकडं, चाल तिकडं. गंजगोलाईला एक पूर्ण फेरी, भर बाजारात. जो हारंल त्यानं,” मी म्हणालो.

“मंजूर,” शांतवनकाका म्हणाले आणि बशीतला चहा एका घोटात संपवला.

मलप्पाच्या हॉटेलात सकाळी आठ वाजता कुणाला काही काम नसतं. मला तर नसतंच, माझं झेरॉक्सचं दुकान दहाला उघडतं. तोवर कुणाची तरी खोडी काढायची हा माझा वीस वर्षांचा नेम. एकदा मी ‘नळ आला’ म्हणून अख्खी गल्ली घागरींसकट पळवली होती. लातुरात पाण्यावरून मस्करी करायची नसते, हे सौदामिनी मॅडमनी मला नंतर समजावलं. त्यांच्या हातातही घागर होती.

शांतवनकाका मात्र खोडी काढायला अवघड माणूस. मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं कंपाउंडर. पुड्या बांधल्या, मिक्श्चरच्या बाटल्यांवर कागदाच्या खुणा चिकटवल्या आणि रिटायर झाले. वय चौऱ्याहत्तर. चिडायचे ते एकाच गोष्टीवर, बापाच्या बायबलावर. त्यांचा बाप दवाखान्याच्या बंगल्यावर माळी होता. विलायतेला परत जाताना गोऱ्या डॉक्टरनं त्याला आपलं इंग्रजी बायबल दिलं. चारशे वर्षांपूर्वी तिकडच्या राजानं करवून घेतलेलं भाषांतर, त्याची ही जाडजूड प्रत. बापाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. काका डिक्शनरी घेऊन शिकले.

त्यांची बायको सिंधुकाकू त्याच दवाखान्यात नर्स. ती मराठी बायबल वाचायची. दोघांचं आयुष्यभर एकच भांडण. काका म्हणायचे, “माझं असल, तुझं नक्कल.” काकू म्हणायची, “मग असल पुस्तकात भाजीला काय आणायचं तेबी बघा.” दोन वर्षांपूर्वी काकू गेली. तेव्हापासून काकांशी भांडायला कोणी नव्हतं. म्हणून म्हटलं, आपणच भांडावं.

“काका, तुमच्या पुस्तकात एकशिंगी घोडा हाय. मोबाइलवर वाचलं मी. मराठीत तिथं रानबैल हाय. आता बैल खरा का घोडा?”

“घोडा कोण म्हणलं? एकशिंगी जनावर लिवलंय. गेंड्याला किती शिंगं असतेत?”

“एक.”

“मग? त्या लोकांनी गेंडा बघितला नव्हता, ऐकलेलं लिवलं. ह्याला चूक म्हणत न्हाईत लेका.”

हॉटेलात हशा झाला, तो माझ्यावर. मी पेटलो. म्हणालो, “आठ दिवसांत असा शब्द काढतो की तुमच्या तोंडाला कुलूप. लिहिलंय एक, अर्थ निराळाच.” त्यातून ही पैज. पंच सौदामिनी मॅडम. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आता घरी असतात आणि गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज तपासतात.

तिसऱ्या दिवशी काका स्वतःच पुस्तक घेऊन दुकानात आले. मोतीबिंदू पिकत चाललेला, अक्षर दिसेना. काही पानं मोठी करून पाहिजे होती.

“मोठी कामून करता? ऑपरेशन करा की.”

“कोण घेऊन जाणार, कोण डोळ्यात थेंब टाकणार? राहू दे. मोठी अक्षरं कर, तेवढ्यात निभतंय.”

ते बाकावर बसले आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. मी पानं मशीनवर लावू लागलो. एका पानावर पेन्सिलीची रेघ होती. रेघेखालचा शब्द ‘प्रिव्हेंट’. समासात काकांच्या कंपाउंडरी अक्षरात लिहिलेलं: ‘अडवणे’. खाली तारीख, चौदा ऑगस्ट.

मी ओळ वाचली. मरण पावलेल्यांना तिथं ‘झोपी गेलेले’ म्हटलंय. शेवटच्या दिवशी आम्ही जिवंत उरलेले त्या झोपी गेलेल्यांना ‘प्रिव्हेंट’ करणार नाही, असं काहीतरी. मी सहज मोबाइलवर तो शब्द टाकला आणि माझे डोळे चमकले. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ अडवणं नाहीच. अर्थ आहे पुढं जाणं, आधी पोचणं. म्हणजे आम्ही त्यांच्या पुढं जाणार नाही, एवढंच. काकांची डिक्शनरी आजची, पुस्तक चारशे वर्षांपूर्वीचं. सापडला शब्द! मी त्या पानाची एक कॉपी जास्तीची काढली, काकांना हलवून उठवलं, पानं हातात दिली आणि ते कोपऱ्यावर वळताच शटर अर्धं ओढून मॅडमकडं पळालो.

मॅडम शेंगा सोलत बसल्या होत्या. कागद चष्म्याजवळ धरून त्यांनी दोनदा वाचला.

“बरोबर आहे तुझं. जिंकलास तू.”

“मग उद्याच काढतो काकांची वरात!”

“तारीख वाचलीस?”

“वाचली की. काय हाय त्या तारखेला?”

मॅडमनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. “सिंधु गेली तो दिवस. मी तिथंच होते, दवाखान्याच्या बाकावर. अकरा महिने लकवा मारून पडलेली. त्या दिवशी श्वास लागला. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, श्वासाच्या मशीनवर ठेवायचं का ते आत्ता सांगा. शांतवनरावांनी पिशवीतून हे पुस्तक काढलं. बराच वेळ एका ओळीवर बोट ठेवून बसले. मग खिशातली पेन्सिल काढून काहीतरी लिहिलं. डॉक्टरांना म्हणाले, अडवू नका, असं लिहिलंय.”

मी मॅडमच्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली.

“आता तू ठरव,” मॅडम म्हणाल्या आणि परत शेंगा फोडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलात शिरतानाच उलटा शिरलो. पाठीनं दार ढकललं आणि मलप्पाच्या दुधाच्या कॅनवर आदळलो.

“हारलो!” मी ओरडलो. “पुस्तक पक्कं हाय. चला समदे गोलाईला, माझी मिरवणूक बघायला.”

लोक हसले. काका हसले नाहीत.

“अजून चार दिवस हायत. कामून हारलास?”

“सापडंना. लई शोधलं.”

“दयानंदा, तू पाण्यावरून खोटं बोलतोस तवा तुझं तोंड खुलतं. आता का पडलंय?” त्यांनी कप खाली ठेवला. “काल मी डोळे मिटून होतो, झोपलो नव्हतो. पान न उलटता मशीनचा उजेड दोनदा पडला. कितवं पान ते मोजलं, घरी जाऊन बघितलं. मग मॅडमकडं गेलतो.”

मी मॅडमच्या नावानं मनात बोटं मोडली. पण त्या तरी काय करणार? म्हाताऱ्यानं सरळ तोंडावर विचारलं असणार, आणि त्या बाईला खोटं बोलता येत नाही.

काकांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. बापाचं नव्हे. निळ्या कापडात शिवलेलं, काकूचं मराठी. कागदाची खूण घातलेली होती तिथं उघडून माझ्यापुढं सरकवलं. “वाच.”

मी वाचलं. साध्या मराठीत लिहिलेलं होतं. मागं उरलेले गेलेल्यांच्या पुढं जाणार नाहीत, असा सरळ अर्थ. लहान पोरालाही कळावा.

“चाळीस वर्षं उशाशी होतं हे. त्या दिवशीबी तिच्या पिशवीतच होतं, पलंगाखाली. उघडलं न्हाई मी. नक्कल म्हणायचो ना.”

“काका, पण भाव तर तोच झाला की. ती पुढं, तुमी मागं…”

“गोड नको लावू.” आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. “मशीन लावा का लावू नका, हे ह्यात बी न्हाई, त्यात बी न्हाई. कशातच न्हाई. म्हणजे ते मीच म्हणलो.”

मलप्पानं स्टोव्ह बारीक केला.

“दोन वर्षं मला वाटून राहिलं होतं की पुस्तकानं सांगितलं,” काका म्हणाले. “ते सोपं होतं. खरं काय सांगू? दमलो होतो रे. अकरा महिने कूस बदल, नळीतून पेज घाल, चादर धू. आदल्या रात्रीबी जागा होतो. डॉक्टरनं विचारलं तवा पहिल्यांदा मनात आलं, सुटू दे. तिला का मला, ते आता सांगता येत न्हाई. मग डिक्शनरीतला शब्द आठवला, पेन्सिलीनं लिवला.”

“कुणीबी तेच केलं असतं काका.”

“कुणीबी केलं असतं. मी केलं.” ते उठले, धोतराचा सोगा झटकला. “चल. आज बाजार भरलेला असंल.”

“कुठं?”

“गोलाईला. पैज हारलोय मी.”

मी हात जोडले. मलप्पानं जोडले. मी म्हणालो की पैज रद्द, मस्करी होती, तुमचे डोळे बरे नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या शब्दाची जबाबदारी माझी हाय, तेवढी तरी घेऊ दे. तू फक्त मागं कुणी येतंय का बघ.”

समजूत घालता घालता अकरा वाजले होते. गोलाईत नेहमीसारखी दाटी, हातगाड्या, रिक्षांचे हॉर्न, बांगड्यांच्या दुकानांपुढं बायका. काका एका कोपऱ्यावर उभे राहिले, रस्त्याकडं पाठ केली आणि पहिलं पाऊल मागं टाकलं. मी त्यांच्या पाठीशी राहून रस्ता बघत होतो. “डावीकडं काका. हातगाडी. हं, आता सरळ.”

पोरं हसली. कुणीतरी मोबाइल धरला. सगळ्या लातूरला हसवायचं माझं स्वप्न पुरं झालं होतं आणि मला तो मोबाइल काढून गटारात टाकावासा वाटत होता. साखराबाई कोथिंबीर विकते, तिनं पाटी मागं ओढून वाट केली आणि विचारलं, “काका, नवस हाय का?”

“न्हाई माय, हारलोय.”

“कुणाला?”

“एका शब्दाला.”

ती काही समजली नाही. पण तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि शेजारणीनंही पाटी ओढली. मग पुढच्यांनी ओढली. हसणं हळूहळू विरलं.

अर्ध्या फेरीत काकांना धाप लागली. ते थांबले, पण वळले नाहीत. पाठ माझ्या छातीला टेकवून उभे राहिले. वजन काहीच नव्हतं. मिक्श्चरचा वास इतक्या वर्षांनीही सदऱ्याला येत होता, की मलाच तसं वाटलं.

“पुरे काका. अर्धी झाली, लोकांनी बघितली.”

“पूर्ण म्हणलो होतो.”

माझ्या छातीवरनं पाठ निघाली. पाय परत मागं पडू लागले, एक, मग दुसरा. समोर दुकानं लांब जात होती, छत्रीवाला, भांडीवाला, दोरखंडवाला. ओळखीचा असो नसो, नजरेतून सुटण्याआधी काका प्रत्येकाला मान लववून नमस्कार करत होते.