फ्रिजच्या दारातली बाटली

आमच्या फ्रिजच्या दारातला सगळ्यात वरचा खण औषधांचा. सुदामा नगरात आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक. कुणाच्या पोराला खोकला झाला की बायका येतात, "कमलजी, कुछ रखा है क्या?" आणि माझ्याकडे असतंच. अर्धी उरलेली बाटली फेकवत नाही हो माझ्याने. चांगलं औषध मोरीत ओतायचं म्हणजे जिवावर येतं. तीन पोरं मी अशीच वाढवली, तिन्ही धडधाकट आहेत. धाकटा मनीष सांवेर रोडला कारखान्यात आहे, वर्षभरात एक शिंक नाही त्याला.

मनीषची बायको संहिता, नाशिकची, इथे कॉलेजात शिकवते. मराठी एकदम शुद्ध. मी "मला माहीत पडलं" म्हटलं की हसते. मी म्हणते, "बाई गं, आमचे लोक होळकरांच्या फौजेत होते. पिढ्यान् पिढ्या आम्हाला इथे माहीतच पडतं." अशी थट्टा चालते आमची. पण स्वानंदीच्या बाबतीत थट्टा नाही. स्वानंदी माझी नात, सव्वा वर्षाची. संहिता कॉलेजात गेली की दिवसभर ती माझी. आणि तरी संहिताने राजेंद्र नगरच्या एका पाळणाघराचा फॉर्म आणून ठेवला होता. "असू दे, आई. तुम्हाला झेपेनासं झालं तर." न झेपायला मला काय झालंय? तो कोरा फॉर्म रोज टेबलावर दिसायचा आणि रोज माझं डोकं फिरायचं.

त्या सोमवारी स्वानंदी तापली. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप, एकशे दोन. दूध तोंडाला लावेना. संहिता डायपर बदलता बदलता म्हणाली, "आई, हिच्या लघवीला वेगळाच वास येतोय. आणि करताना कळवळून रडते."

"दाढा येतायत," मी म्हटलं. "दाढांच्या वेळी पोरं अशीच करतात. तुझी परीक्षेची ड्यूटी आहे ना? जा तू. मी बसलीये इथे."

तापाचं औषध देऊन ती गेली, पण जाताना उद्या संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेऊन गेली. मला राग आला. एवढ्याशा तापाला डॉक्टर! दुपारी पोर पुन्हा फणफणली, तेव्हा मी उठले आणि फ्रिज उघडला.

दारात अनीशची बाटली होती. अनीश माझ्या मुलीचा मुलगा. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा घसा सुजला होता, तेव्हाचं अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला, औषध थांबलं, बाटली आली माझ्याकडे. त्यातलं अर्धा चमचा स्वानंदीला पाजलं. संध्याकाळी संहिता आंघोळीला गेली तेव्हा आणखी एकदा. मंगळवारी सकाळी तिसऱ्यांदा. चोरून का? विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती म्हणून. एवढं सरळ आहे ते.

आणि मंगळवारी दुपारपर्यंत ताप उतरला! मी मनातल्या मनात म्हटलं, देखा? उगाच डॉक्टर-डॉक्टर करतात ही आजकालची पोरं.

तरी संध्याकाळी गेलो. मुलांच्या डॉक्टर वसुधा मॅडमनी स्वानंदीचं पोट दाबून पाहिलं, कान पाहिले, घसा पाहिला. मग म्हणाल्या, "एवढ्या लहान मुलांना नुसता ताप आला, दुसरं काही सापडलं नाही, तर लघवीत इन्फेक्शन आहे का ते बघावंच लागतं. त्यांना सांगता येत नाही ना, कुठे दुखतंय. आणि ते वर चढून किडनीपर्यंत गेलं तर किडनीवर कायमचे व्रण राहू शकतात." हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. मग लिहिता लिहिता विचारलं, "काही अँटिबायोटिक दिलंय का आधी?"

"नाही," संहिता म्हणाली. "फक्त तापाचं औषध."

मी शेजारच्याच खुर्चीत होते. मूग गिळून बसले. मला समोर मॅडम दिसत नव्हत्या, तो टेबलावरचा फॉर्म दिसत होता.

लघवी तपासायला दिली. पहिल्या तपासणीत थोडंसंच काही दिसलं. जंतू उगवतात का ते कळायला दोन दिवस लागणार होते. पोर खेळत होती, तेव्हा मॅडम म्हणाल्या, रिपोर्टची वाट पाहू, ताप आला तर लगेच या. घरी येऊन मी अनीशची बाटली मागे सरकवली, लोणच्याच्या बरणीआड. पुन्हा काही दिलं नाही. हिंमतच झाली नाही.

बुधवार बरा गेला. गुरुवारी सकाळी स्वानंदीला उचललं तर कपाळ तव्यासारखं तापलेलं. संहिता आवरत होती तोवर मी ती बाटली काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. का टाकली, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

दवाखान्यात रिपोर्ट आलेला होता. मॅडमनी पाहिला. "काहीच उगवलेलं नाही. म्हणजे लघवीचं इन्फेक्शन दिसत नाही. बहुतेक व्हायरल ताप असेल. दोन दिवस पाहू या."

संहिताने केवढा मोठा श्वास सोडला! "बघा आई, सुटलो," म्हणाली आणि स्वानंदीला खांद्यावर घेऊन उठली. तीन रात्री झोप नव्हती बिचारीला. ती दारापर्यंत पोचली. आता मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. पोर माझ्याकडेच राहिली असती. आणि तिच्या किडनीत काय चाललंय, ते फक्त मला ठाऊक राहिलं असतं.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "मी औषध दिलंय हिला. तीन वेळा. तुम्ही विचारलं तेव्हा बोलले नाही." आणि बाटली टेबलावर ठेवली.

मॅडमनी बाटली उजेडात धरली. "कधीची आहे?"

"तीन आठवड्यांची. नातवाची उरलेली."

"पावडरीत पाणी घातलं की हे औषध थोडेच दिवस टिकतं, काकू. असल्या तीन अर्धवट मात्रांनी जंतू मरत नाहीत. रिपोर्टमध्ये दिसेनासे मात्र होतात." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं बोललात. मी तर हिला घरी पाठवत होते."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी पण दोन शब्द ऐकवले असते, सवयच आहे मला. पण त्या ओरडल्या नाहीत. लघवी पुन्हा घ्यायची, घेतल्याबरोबर नवं औषध सुरू करायचं, असं ठरलं. संहिताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता सव्वा वर्षाच्या पोरीची लघवी बाटलीत धरायची म्हणजे काय तमाशा असतो, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आतल्या छोट्या खोलीत नर्सने स्वानंदीला स्वच्छ धुतलं, पाणी पाजलं, आणि सांगितलं, "ओल्या गार कापसाने ओटीपोटावर चोळत राहा. धार सुरू झाली की बाटली मध्येच धरायची, कडेला कुठे लागू द्यायची नाही." संहिताने पोरीला उचलून धरलं. बाटली आणि कापूस माझ्याकडे. एकमेकींच्या गुडघ्याला गुडघे लागलेले, आणि खोलीत दुसरं कुणी नाही.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. स्वानंदी माझी बांगडी ओढत बसलेली.

"मी त्यांना नाही म्हणाले," संहिता एकदम बोलली. "ठामपणे म्हणाले, नाही दिलं. तुम्ही शेजारी बसला होतात. माझ्या तोंडून खोटं जाऊ दिलंत, आई."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "मला वाटलं, तू हिला पाळणाघरात टाकशील," मी म्हटलं. "मग मी दिवसभर काय करू गं त्या घरात?"

ती काही बोलणार, तेवढ्यात स्वानंदीने धार सोडली. "आई, बाटली!" संहिता ओरडली. पहिली धार माझ्या पदरावर, मधली बाटलीत, उरलेली संहिताच्या सलवारीवर. आम्ही दोघी त्या बाटलीकडे बघत राहिलो. जन्मात कधी कुणाच्या मुतासाठी देवाचे इतके आभार मानले नव्हते मी.

शनिवारी रिपोर्ट आला. जंतू उगवले होते. सोनोग्राफी झाली, दोन्ही किडन्या ठीक होत्या. नवं औषध या जंतूंवर चालणारं होतं, ताप उतरलाच होता. पण मॅडमनी बजावलं, "पूर्ण दहा दिवस. पोरगी नाचायला लागली तरी."

रविवारी सकाळी कचरागाडी आली तेव्हा मी फ्रिजच्या दारातल्या अकरा बाटल्या नेऊन दिल्या. गाडीवाला भिया म्हणाला, "अम्मा, ये अलग वाले डिब्बे में," आणि त्याने वेगळ्या टाकल्या. रिकाम्या खणात मी लिंबं ठेवली.

परत आले तर संहिता टेबलाशी बसून पाळणाघराच्या फॉर्मवर लिहीत होती. कुठल्या तोंडाने विचारणार? स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले, आणि रडले थोडी.

सोमवारी ती कॉलेजात निघून गेली. पोर माझ्या कडेवर. मला वाटलं, आजचा एक दिवस असेल. दूध काढायला गेले तर फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलेला. तिच्या सुबक अक्षरात:

सकाळी सहा – मी.
दुपारी दोन – आई.
रात्री दहा – मनीष.
दहा दिवस. ताप नसला तरी.

कागदाचा कोपरा उचलून मागे पाहिलं. तोच फॉर्म होता. 'बालकाचे नाव' याच्यापुढे काही लिहिलं नव्हतं.

दोन वाजायला दहा मिनिटं होती तेव्हापासून मी बाटली हलवत होते. बरोबर दोनला खुणेपर्यंत मोजून औषध पाजलं. आणि त्या भवानीने अर्धं थुंकलं माझ्या साडीवर! फिर से पाजू की नको? जास्त होईल की कमी पडेल? घरात दुसरं कुणी नव्हतं, कुणाला काही कळलंही नसतं.

मी फोन उचलला. "संहिता, वर्गात आहेस का? ऐक, हिने अर्धं थुंकलं. मी अजून पुन्हा दिलेलं नाही. काय करू?"

"दोन मिनिटं थांबा, आई," ती म्हणाली. "मॅडमना विचारून सांगते."

मी बाटली हातात धरून थांबले.