मागे सोडलेली जागा

“काकू, तिथं ब्रेक का मारलात?”

अश्लेषाने हेल्मेटची काच वर केली आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली. ती या ट्रॅकवर शिकवणारी मुलगी. बेळगावची, उंच, उन्हाने रापलेली. अहल्या अजून गाडीवरच बसून होती. अंगातला उसना चामडी सूट गुडघ्याशी कडक झाला होता आणि पाय खाली टेकवायला त्रास होत होता.

“पुढं काहीतरी आहे असं वाटलं,” अहल्या म्हणाली.

“ट्रॅक आहे हा. पुढं काही नसतं, म्हणून तर ट्रॅक. म्हैस नाही, रिक्षा नाही, फोनवर बोलत रस्ता ओलांडणारा माणूस नाही. तुमच्या मागून येणारी पोरगी थोडक्यात वाचली की.” मग आवाज खाली आणून तिने विचारले, “घाबरलात?”

“नाही.”

हे खरे होते. अहल्या घाबरली नव्हती. दुसऱ्या वळणाच्या आधी तिच्या उजव्या खांद्यावर थाप पडली होती, एवढेच. पसरलेल्या पंजाची एकच थाप, आणि त्यात मधल्या बोटाचे टोक जरासे टणक लागणारे. शिवताना बोटात घालायचे पितळी टोपण काढायला आत्याबाई नेहमी विसरत.

आत्याबाई म्हणजे अहल्येच्या सासूबाई, चंद्राबाई. त्यांना जाऊन वर्ष होत आले होते.

“आणि एक,” अश्लेषा म्हणाली, “एवढं पुढं कशाला बसता हो? टाकीवर चढलाय जवळजवळ. मागं किती जागा सोडलीय बघा. तिघं बसतील.”

कुंपणापलीकडे अहल्येची मुलगी हर्षिता उभी होती. तिने हे ऐकले आणि मान फिरवली.

चामराजपेटेतल्या त्यांच्या घरी साड्यांना फॉल लावण्याचे काम चाले. चिकपेटेच्या बाजारातल्या दुकानांतून साड्या आणायच्या, फॉल लावायचे, पिको करायचे आणि दोन दिवसांत परत पोचवायच्या. आधी आत्याबाई गाठोडे घेऊन चालत जात. गुडघे दुखू लागले, तेव्हा अहल्येने नवऱ्याची, श्रीहरीची, जुनी मोटरसायकल बाहेर काढली. श्रीहरी बसने कामावर जाई. गाडी जिन्याखाली धूळ खात होती. अहल्या गल्लीतल्या गल्लीत शिकली, मग रस्त्यावर गेली.

“पडलो तर?” पहिल्या दिवशी तिने विचारले होते.

“मी पडले तर साड्यांवर पडेन,” आत्याबाई म्हणाल्या. “तू कशावर पडशील ते तू बघ.”

गाडी चालवणे हे जसे काम आहे, तसे मागे बसणे हेही एक काम आहे. ते सगळ्यांना येत नाही. आत्याबाई मांडीवर गाठोडे घेऊन एका बाजूला पाय सोडून बसत, डाव्या हाताने गाठोडे धरत आणि उजवा हात मोकळा ठेवत. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, भोवती बसचे हॉर्न. बोललेले ऐकू येणे शक्य नव्हते. म्हणून थाप. गाठोडे सरकू लागले की एक थाप. समोरून बैलासारखा रिक्षावाला आला की एक थाप. थाप म्हणजे ‘हळू’. थाप पडली की अहल्या ब्रेक दाबी, तोही असा की रेशमाची घडी जागची हलू नये. रेशीम फार निसरडे असते. जोरात ब्रेक मारला तर गाठोडे पुढे येते, आणि त्याच्या मागोमाग सासू.

अशी आठ-नऊ वर्षे गेली. चिकपेटेतले दुकानदार त्यांना ‘डबल इंजिन’ म्हणत.

आत्याबाई गेल्या त्या झोपेतच. लग्नसराईचे दिवस होते. घरात पन्नासेक साड्या पडून होत्या आणि त्या नेसणाऱ्यांची लग्ने थांबणार नव्हती. अहल्येने सुतकातच शेजारणीला हाताशी धरून काम उरकले. गाठोडे मागच्या सीटवर दोरीने बांधले आणि निघाली. तेव्हापासून ते बांधूनच नेत होती.

थापा पावसाळ्यानंतर सुरू झाल्या.

पहिली थाप मार्केटच्या उड्डाणपुलावर पडली. अहल्या इतकी दचकली की तिने दोन्ही ब्रेक एकदम आवळले. मागची बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन कन्नडमध्ये तिच्या सात पिढ्यांची चौकशी करत राहिला. त्यानंतरही असेच दोनदा झाले. शेवटच्या वेळी कोपर सोलून निघाले, आणि श्रीहरीने गाडीची किल्ली आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली.

“मनाचे खेळ आहेत,” तो म्हणाला. “मला आई हवीशी वाटत नाही काय? पण तिच्यामागं तुला घालवायची नाहीये मला. सोमवारी शिवाजीनगरहून जुन्या गाड्या घेणारा गुंडू मेस्त्री येणार. गाडी बघून घेऊन जाऊ दे. तू मेट्रोनं जा.”

मेट्रोच्या जिन्यांवरून एवढी गाठोडी जात नाहीत, हे त्यालाही माहीत होते. गाडी गेली म्हणजे चिकपेटेचे काम गेले.

तेव्हा हर्षिता मध्ये पडली. विमानतळाच्याही पुढे, गावाबाहेरच्या ट्रॅकवर शनिवार-रविवार फक्त बायकांसाठी गाड्या चालवायचा कार्यक्रम होता. वेगवेगळ्या गाड्या ठेवलेल्या. ज्या हव्या त्या चालवून बघायच्या, शिकवायला माणसे. तिने आईचे नाव घातले.

“तिथं मागं बस नाही, पप्पा,” ती श्रीहरीला म्हणाली. “तिथं बघू दे तिला. तिथंही अज्जी आली, तर सोमवारी गुंडूला गाडी दे. मी काही बोलणार नाही.”

श्रीहरीने खिशातून किल्ली काढली आणि हर्षिताच्या हातात ठेवली. अहल्येच्या नाही.

दुसऱ्या फेरीला अहल्येला उंच गाडी दिली. डोंगरात, खडीवर चालवायची. तिच्यावर चढायला अश्लेषाने हात दिला.

“आरसे का झाकलेत?” अहल्येने विचारले. सगळ्याच गाड्यांच्या आरशांवर काळी चिकटपट्टी लावलेली होती.

“इथं मागं बघायचं नसतं, काकू. मागच्याची काळजी मागचा घेतो. आणि ब्रेक मारू नका, दाबा. लिंबू पिळतो तसा. आधी स्वल्प, मग जास्त.”

अहल्या हसली. लिंबाचे तिला कोणी शिकवायला नको होते. गाठोड्यासाठी तिने तेच तर केले होते इतकी वर्षे. मग आता हात असा का आवळतो, हे तिचे तिलाच कळत नव्हते.

उंच गाडीवरून सगळा ट्रॅक दिसत होता. कडेचे वाळके गवत, निशाण धरून उभी असलेली मुलगी, लांबवर धुक्यात उतरणारे विमान. पहिले वळण गेले. अहल्येने मनात म्हटले, आज नको आत्याबाई. आज परीक्षा आहे.

दुसऱ्या वळणाआधी थाप पडली.

हात आवळला गेला. गाडी आडवी व्हायला लागली, कशीबशी सावरली. निशाणवाली मुलगी धावत आली. अहल्या कडेच्या गवतात उभी होती, इंजिन बंद पडले होते. तिच्या पाठीमागे, झाकलेल्या आरशात, काय होते कोण जाणे.

जेवणाच्या वेळी हर्षिताने डबा उघडला. बिसिबेळे भात होता.

“आली?” तिने विचारले.

“हं.”

“दोन्ही वेळा?”

अहल्येने मान हलवली. हर्षिता चमच्याने भात नुसता इकडचा तिकडे करत राहिली. मग तिने समोर बोट दाखवले. तंबूखाली एक लाल गाडी उभी होती, शर्यतीची. तिला सीट एकच होती. मागे बसायच्या जागी नुसता टणक उंचवटा होता.

“त्या गाडीवर अज्जी बसणार कुठं?” हर्षिता म्हणाली.

लाल गाडीवर पुढे सरकून बसता येत नव्हते. अश्लेषाने अहल्येला मागे, आणखी मागे सरकवले, तेव्हा तो उंचवटा तिच्या कमरेला टेकला. अहल्येला क्षणभर वाटले, गाठोडे टेकले. पण त्याला रेशमाची ऊब नव्हती.

पहिले वळण गेले. दुसरे आले. खांदा आपोआप ताठ झाला आणि वाट पाहू लागला.

काही झाले नाही.

पुढच्या चकरेतही नाही. अहल्येने लिंबू पिळावे तसा ब्रेक दाबला, गाडी वळणात झुकली आणि रेघ ओढल्यासारखी बाहेर आली. सरळ रस्त्यावर तिने वेग वाढवला. वारा हेल्मेटला धडका देत होता. इतक्या वेगाने ती जन्मात कधी गेली नव्हती. हळू म्हणणारे कोणी नव्हते. तिने आणखी वेग वाढवला. जणू आता तरी कोणी म्हणेल. कोणी म्हटले नाही. मागे कुणाचे वजन नव्हते, गाठोडे नव्हते, जागाच नव्हती. साऱ्या ट्रॅकवर तिचा एकटीचा श्वास हेल्मेटमध्ये फिरत होता.

“काकू!” अश्लेषाने टाळ्याच वाजवल्या. “आज पहिल्यांदा गाडी चालवलीत तुम्ही! आता ही सोडू नका. शेवटच्या फेरीलाही हीच घ्या.”

अहल्येने मान हलवली आणि टायरांच्या चळतीमागे जाऊन बसली. तिला हातमोजे निघेनात. हर्षिता आली, खाली बसली आणि एकेक बोट ओढून मोजे काढू लागली.

“नाही ना आली?”

“नाही.”

“मग? चांगलं झालं की. पप्पांना सांगू. गुंडूला नको म्हणू. जुनी देऊन दुसरी कुठली तरी घेऊ, एका सीटची मिळाली तर...”

“हर्षी.” अहल्या मोकळ्या झालेल्या हाताकडे बघत होती. “अज्जी गेली तेव्हा मी रडले नव्हते. तुला आठवतं?”

“साड्या होत्या तेव्हा.”

“हं. साड्या होत्या.” ती थांबली. “आत्याबाई आज गेल्या बघ.”

 हर्षिताने दुसरा मोजा काढला. दोघी टायरांना टेकून बसल्या. पलीकडे गाड्या फिरत होत्या आणि प्रत्येक गाडी जवळ आली की टायरांची चळत किंचित थरथरत होती.

शेवटच्या फेरीला लाल गाडीपाशी मुलींची रांग लागली. अश्लेषाने अहल्येसाठी जागा धरून ठेवली होती.

“मला सकाळची पहिली गाडी द्या,” अहल्या म्हणाली. “लांब सीटची.”

“का हो? तिच्यावर तर तुम्ही...”

“तीच द्या.”

अश्लेषाने हर्षिताकडे पाहिले. हर्षिताने खांदे उडवले, पण तिचा चेहरा उतरला होता. आता पुन्हा थाप पडली तर सोमवार ठरलेला होता, आणि तो शब्द तिनेच दिला होता.

अहल्या गाडीवर बसली. सवयीने पुढे सरकली. अश्लेषाने ते पाहिले आणि निघायची खूण केली.

ऊन उतरले होते. पहिल्या वळणावर अहल्येची स्वतःचीच सावली तिच्या पुढे धावत होती. सावलीत किती जणी आहेत हे तिने पाहिले नाही. मागे आत्याबाईंच्या मांडीवर असायच्या त्या साड्या तिने आठवल्या. लग्नाच्या आहेत. दोन जरीच्या, एक मऊ म्हैसूर सिल्क. घडी हलायची नाही.

दुसऱ्या वळणाआधी थाप पडली. पसरलेला पंजा, बोटाचे टोक टणक.

“सरी, आत्याबाई, हळू घेते,” अहल्या हेल्मेटमध्ये म्हणाली आणि ब्रेक दाबला. आधी स्वल्प. मग जास्त. गाडी खाली बसल्यासारखी हळू झाली, झुकली आणि वळली. मागून येणारी मुलगी आरामात बाजूने पुढे गेली.

फेरी संपेपर्यंत प्रत्येक चकरेत त्याच जागी थाप पडली. दर वेळी अहल्येने तेच केले.

“हळू चालवता,” अश्लेषा शेवटी म्हणाली, “पण पडणार नाही कधी.”

फाटकाबाहेर त्यांची जुनी मोटरसायकल उभी होती; सकाळी ती हर्षितानेच चालवत आणली होती. मागच्या सीटवर गाठोडे बांधायची दोरी अजून गुंडाळलेली होती. हर्षिताने किल्ली खिशातून काढली, तळहातावर ठेवून क्षणभर पाहिली आणि आईपुढे धरली.

“पप्पांना काय सांगायचं?”

“सांग की आली होती,” अहल्या म्हणाली. “आणि गुंडूला सांग, येऊ नको.”

“म्हणजे दोन्ही खरं सांगायचं?”

“दोन्ही खरं आहे ते.”

हर्षिता मागे बसली. अहल्या नेहमीसारखी टाकीजवळ सरकली होती, त्यामुळे दोघींच्या मध्ये वीतभर जागा राहिली. हर्षिताने ती भरली नाही. दोन्ही हात मागच्या दांडीवर ठेवून ती मागेच राहिली.

मोठ्या रस्त्यावर दिवे लागत होते. शहराकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची रांग लागली होती. एका पुलाच्या चढावर, समोर काहीच दिसत नसताना, अहल्येच्या उजव्या खांद्यावर थाप पडली. अंगात जाड जाकीट होते. बोटाचे टोक टणक होते की नाही ते कळले नाही.

या गाडीच्या आरशांवर चिकटपट्टी नव्हती. उजव्या आरशात नुसते बघितले असते तरी कळले असते.

अहल्येने पाहिले नाही. तिने ब्रेक दाबला, रेशमाची घडी हलणार नाही इतका हळू. चढ संपला, आणि पुलाच्या माथ्यावर, दिवे न लावता, एक लॉरी बंद पडून उभी होती. तिला वळसा घालून दोघी पुढे गेल्या.