कानाच्या मशीनची जाळी

माझ्या सासूबाई सव्वीस वर्षं लॉन्ड्रीत वाफेची प्रेस चालवतात. मी तिथंच घड्या घालते, त्यामुळे त्यांचा धाक मला घरी आणि कामावर, दोन पाळ्यांत असतो.

प्रेसवालीवर आणखी एक जबाबदारी असते. बॉयलरमधलं पाणी उतरलं की बारीक आवाजाचा बझर वाजतो. तो ऐकून लगेच बर्नर बंद करायचा. गेल्या महिन्यात दोनदा बझर वाजला आणि सासूबाईंना कळलंच नाही. मी धावत जाऊन बर्नर बंद केला. गोष्ट मालकांपर्यंत गेली.

"सोमवारी मी स्वतः इथं बसतो," ते म्हणाले. "एकदा जरी चुकलं, तर तुम्ही घड्यांच्या टेबलावर."

सासूबाईंनी त्या दिवशी डबा न उघडता घरी आणला.

त्यांचं ऐकायचं, कानाचं मशीन नवंकोरं, तरी दुपारपर्यंत मुकं व्हायचं. दुकानदारानं गंडवलं असं धरून मी तावातावानं त्यांना दुकानात घेऊन गेले. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी मशीनच्या टोकाची मोहरीएवढी जाळी काढून भिंगाखाली धरली.

"ही धुता का तुम्ही?"

"रोज. साबणाच्या पाण्यात," सासूबाई मोठ्या अभिमानानं म्हणाल्या.

माझा तोरा जागीच उतरला. लॉन्ड्रीतली माणसं आम्ही. मळलं की धुवायचं, एवढंच ठाऊक. धुण्यानं कानातला मळ जाळीत घट्ट बसला होता, पाणी आत झिरपलं होतं, आणि वर दिवसभराची वाफ.

"ही फेकून नवी बसवायची असते," बाई म्हणाल्या.

फेकायचं म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा पडला. पण नवी जाळी बसवून घेतली, आणि एकदा मनावर घेतलं की माझ्या सासूचा नाद करू नये. सकाळी मशीनचं तोंड खाली धरून कोरड्या ब्रशनं सुकलेला मळ झाडायचा, म्हणजे तो आत जात नाही. झोपताना बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या मण्यांच्या डबीत. जेवणाच्या सुट्टीतही डबीत. घाम कानाकडे उतरू नये म्हणून कपाळाला सुती पट्टी. एवढी निगा त्यांनी पोटच्या पोराचीही राखली नसेल, आणि हे मी त्या पोराला सांगितलंसुद्धा.

सोमवारी मालक प्रेसशेजारी खुर्ची टाकून बसले. तीनच्या सुमारास बझर वाजला. सासूबाईंनी हातातली चादर सोडली, दोन ढांगांत जाऊन बर्नर बंद केला. मला इतका अभिमान वाटला की घडी चुकली.

"मध्येच कुठं गेलात?" मालकांनी विचारलं.

"बर्नर बंद करायला. बझर वाजला ना."

"कधी?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. वाजला होता, अशी मी मान डोलावली. त्यांना ऐकवायला चार वाक्यं मी आठवडाभर घोकली होती. ती गिळून मी चुकलेली घडी उलगडली. मालकांचा हात हळूच स्वतःच्या कानाकडे गेला.

सासूबाई त्यांच्या अगदी जवळ गेल्या, आणि त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "उद्या मी येते तुमच्याबरोबर मशीनच्या दुकानात. पहिल्यांदा एकट्यानं जायला फार लाज वाटते."