घरात नसलेल्या बायका

बयनाबाईच्या मांडीवर माझी कुमू होती, म्हणून मी बयनाबाईच्या पायांकडे बघत होते. आठ महिन्यांची पोर दुसऱ्याच्या हातात गेली की माझी नजर तिथून हलत नाही. हात धुतले का, नखं केवढी, पदराला काय लागलंय, सगळं बघून होतं. त्या दिवशी हात झाले, पदर झाला, आणि मग डाव्या घोट्यावर नजर गेली. तिथे नवी, गुलाबी कातडी धरलेला एक व्रण होता. चवलीच्या नाण्याएवढा.

तो व्रण मी ओळखला. भादव्यात सावरखेडीला मी तसले व्रण घरोघर बघत हिंडले होते.

बयनाबाई माझी चुलत जाऊ. सावरखेडी हे आमचं मूळ गाव, बाजारहत्नूरच्या पलीकडे. दसरा होऊन दोन दिवस झाले होते आणि ती नवऱ्याबरोबर आदिलाबादच्या बाजाराला आली होती. दुपारी आमच्या ओसरीवर टेकली, कुमूला घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी गुणगुणत बसली.

“बयना, हे काय झालं पायाला?”

“नारू निघाला होता न.”

“कधी?”

“वैशाखात. हा एवढा लांब.” तिनं हात कोपरापर्यंत दाखवला. “कांडीवर गुंडायता गुंडायता महिना गेला.”

“पण मी तुमच्या घरी आले होते. तुझ्या सासूबाईंनी सगळ्यांची नावं सांगितली. तुझ्या घरात कोणालाच नारू नाही, असं लिहिलंय मी.”

बयनाबाई हसली. “मंग बराबर लिवलं. घरात कोनाले नव्हता. मी घरी होतीच कुठं? माहेरी होती. पाय सुजला तसं सासूनं भावाले सांगावा धाडला, घेऊन जा म्हने.”

मी कुमूला तिच्याकडून घेतलं.

ही गोष्ट एकोणीसशे छप्पन सालची. नारू म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पायरीच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरतात. ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभर काही जाणवत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात पायाला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायला लागतो. एकदम ओढला तर तुटतो, म्हणून काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा. तोवर माणूस जागचा हलत नाही. पाण्यात नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसणारे बारीक किडे असतात, त्यांच्या पोटातून तो येतो. कॉलेजात मी सूक्ष्मदर्शकाखाली असला एक किडा बघितला होता. तेव्हापासून मी चौपदरी धोतराच्या फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी घेत नाही. कुमू झाल्यापासून दोनदा गाळते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई रेणुकाबाई, म्हणतात, “पानी गाळून गाळून त्याची चवच गाळली हिनं.”

श्रावणात हैदराबादच्या मेडिकल कॉलेजची जाहिरात आली. विज्ञानाच्या पदवीधरांसाठी दोन जागा, एक वर्ष प्रशिक्षण, मग त्याच विभागात संशोधन करून वरची पदवी. अर्जासोबत एखाद्या गावातल्या रोगाची पाहणी स्वतः करून पाठवायची होती. बी.एस्सी. होऊन चार वर्षं झाली होती, आणि माझ्या पुस्तकांवर आत्याबाई लोणच्याच्या बरण्या ठेवायला लागल्या होत्या. मी कुमूला कडेवर घेऊन सावरखेडीला गेले. पंधरा दिवस प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला: यंदा घरात कोणाकोणाला नारू झाला? पुरुष निघाले सव्वीस, बायका पाच. मी लिहिलं की पुरुष शेतात उघडं पाणी पितात, बायका घरचं पितात, म्हणून बायकांना नारू कमी.

विभागाचे प्रमुख डॉ. नरसिंगराव. त्यांचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र आलं. ‘स्त्रियांविषयीचे आपले निरीक्षण नवे आहे. त्यावर बोलायचे आहे. मुलाखतीस यावे.’ ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर फाटलं होतं.

आणि आता मुलाखतीला पाच दिवस उरले होते.

संध्याकाळी हे शाळेतून आले. ह्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा एक कागद होता, न भरताच परत आणलेला. एक नोव्हेंबरपासून राज्यं नव्यानं मांडली जाणार होती. किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून तुटून मुंबई राज्यात जाणार, आम्ही आंध्रात. मराठी मास्तरांना विचारलं होतं, इकडे राहता की तिकडे जाता. हे महिनाभर तो कागद पंचांगाखाली ठेवत, काढत, परत ठेवत होते.

मी बयनाबाईचं सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “जागा मिळू दे आधी. मग दुरुस्त कर. आत गेल्यावर चूक सुधारली तर त्याला संशोधन म्हणतात.”

“आणि बाहेर असताना लपवली तर?”

“तर मुलाखत म्हणतात,” हे म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मला हसू आलं नाही.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. कुमू झोपली की तिच्या पाठीवर बोट टेकवून मी श्वास मोजायची, आणि मोजता मोजता मनात यायचं की ही मोजायची सवय नुसती भीतीत वाया चाललीय. तिला कुठेतरी कामाला लावायला हवं.

मुलाखतीला आम्ही तिघंही रेल्वेनं गेलो. किनवटला गाडी थांबली तेव्हा मी फलाटावर माझे वडील दिसतात का बघितलं. सुधाकरराव वकील, तिथेच माझं माहेर. ते घाईघाईनं डब्यापाशी आले, कुमूच्या हातात पेढा दिला, मी तो काढून घेतला, आणि गाडी सुटली.

नरसिंगरावांच्या खोलीत औषधांचा वास होता. भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा, त्यावर लाल टाचण्या. ते चष्मा पुसत होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं, पण मराठी अगदी स्वच्छ.

“बसा, चारुशीलाबाई. लेकरू बाहेर रडतंय ते तुमचं?”

“हो सर. सर, माझा अहवाल चुकलाय.”

“कुठल्या पानावर?”

“चौथ्या. आणि त्यामुळे सगळ्याच.”

त्यांनी चष्मा घातला. मी बयनाबाईबद्दल सांगितलं. पाय सुजला की सुनेला पाणी भरता येत नाही, रानात राबता येत नाही, म्हणून तिला बरं होईपर्यंत माहेरी पाठवतात. ती पुन्हा सासरी येते तेव्हा पाय कोरडा असतो. मी विचारलं घरात कोणाला झाला, आणि ज्या बायकांना झाला त्या घरात नव्हत्या.

त्यांनी अहवालाचं चौथं पान काढून समोर ठेवलं. मग म्हणाले, “तुम्ही स्वतः सून आहात. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं. म्हणूनच लक्षात आलं नाही. सून माहेरी गेली की आमच्याकडे ती त्या घराच्या हिशेबातून जातेच. सांगणाऱ्यांनी धरली नाही, लिहिणारीनंही धरली नाही.”

“म्हणजे ज्या निरीक्षणासाठी मी तुम्हाला बोलावलं, ते गेलं.”

“गेलं.”

बाहेर कुमूचा आवाज टिपेला गेला होता आणि ह्यांचं ‘ते बघ, ते बघ’ चालू होतं. मी उठायला लागले. नरसिंगराव खुर्चीतून उठून नकाशापाशी गेले.

“हे पळसवाडी. किनवटच्या बाजूला. इथली पायरीची विहीर आम्ही तीन वर्षांमागं बुजवली, रहाटाची करून दिली. तरी दर उन्हाळ्यात तिथं नारूचे रोगी. मला वाटत होतं, लोक खोटं बोलतात, जुनंच पाणी पितात. तुमच्या सावरखेडीत पळसवाडीच्या मुली दिल्यात?”

“बयनाबाई पळसवाडीचीच आहे, सर.”

त्यांनी टाचणीवर बोट ठेवलं, तिथून सावरखेडीपर्यंत नेलं, आणि परत आणलं. पाणी प्यायचं एका गावात, नारू निघायचा वर्षानं दुसऱ्या गावात. आणि त्या दुखऱ्या पायानं जर ती माहेरच्या एखाद्या विहिरीत उतरली, तर जंताची पिल्लं पाण्यात सुटणार आणि पुढचं वर्ष त्या विहिरीचं.

“पण एका बयनाबाईवर संशोधन होत नाही,” ते म्हणाले. “मला चाळीस हव्यात. जागा मी संक्रांतीपर्यंत अडवून ठेवू शकतो, त्यापुढं नाही. आणि एक अडचण आहे. एक तारखेनंतर किनवट आपल्याकडं नाही. दुसऱ्या राज्यात मी तुम्हाला कॉलेजचं पत्र देऊन पाठवू शकत नाही.”

“मला पत्र नको, सर. ते माझं माहेर आहे.”

हे बोलताना माझा आवाज ठाम निघाला.

घरी आल्यावर मी आत्याबाईंसमोर वही टाकली. चाळीस बायका कुठून शोधू? कोणाचं माहेर कुठे, गावोगाव कशी फिरू, पोर कडेवर घेऊन कुठलं पाणी पाजू? मी बोलत सुटले. आत्याबाई दिवाळीचे पोहे निवडत होत्या.

“झालं तुहं?” त्या म्हणाल्या. “गावोगाव कायले हिंडतं? भाऊबीजेले एका जागी बसून राह्य. साऱ्या पोरी आपल्या पायानं येतेत.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

“काऊन पाहून राह्यली अशी?” त्यांनी सूप खाली ठेवलं आणि लुगडं थोडं वर घेतलं. पोटरीवर दोन जुने, पांढरे पडलेले व्रण होते. “मले दोनदा झाला. दोन्ही डाव माहेरी. माह्या सासूनं बी गावात सांगितलं, आमच्या घरी नारू नाही.”

“मग मला तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू घरचं इचारलं. माह्यं कुठं इचारलं?”

एक नोव्हेंबरला किनवटच्या तहसीलवर नवी पाटी लागली. चार तारखेला भाऊबीज होती. पळसवाडीत बयनाबाईच्या भावाच्या ओसरीवर मी वही घेऊन बसले. दुपारपर्यंत अंगण नव्या लुगड्यांनी भरून गेलं.

“ही कोन व? सरकारची बाई?”

“सरकार तं परवाच बदललं. ही जुन्या सरकारची का नव्या?”

“कोनत्याच नाही,” बयनाबाई म्हणाली. “किनवटच्या वकिलाची लेक हाय. माही जाऊ.”

मग त्या बसल्या. ह्या वेळी प्रश्न वेगळा होता. कुठल्या गावी दिली? गेल्या साली पाणी कुठलं प्यायलीस? यंदा माहेरी कशासाठी आली होतीस?

गयाबाई नावाची एक उंच बाई सगळ्यांत मोठ्यानं बोलत होती. “सासू म्हने, पाय बरा झाल्याबिगर येऊ नको. म्या म्हनलं, माय, मंग नारूच बरा! तीन महिने माहेर भेटलं!” सगळ्या खो खो हसल्या. त्यांच्यात मीही होते, पण लिहिताना हात थांबला. तिचा अंगठा वाकडा झाला होता, कायमचा.

कुमू रडायला लागली. घरातून कोणीतरी तांब्या आणला. मी पिशवीतून फडकं काढलं, चौपदरी केलं, आणि तांब्यावर धरलं.

“आमचं पानी वंगाळ हाय काय?” गयाबाईनं विचारलं.

मला मेल्यासारखं झालं. “नाही. इथली विहीर चांगली आहे. खराब पाणी तुमच्या सासरचं आहे, आणि माझ्या सासरचंही. मी माझ्या घरीसुद्धा असंच गाळते. मला भीती वाटते, म्हणून.”

गयाबाईनं फडकं हातात घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं. “मले एक तुकडा दे. सासरी नेतो. सासू इचारन तं सांगन, माहेरचा अहेर हाय.”

मी जवळचं दुसरं धोतर फाडलं. संध्याकाळपर्यंत तेही संपलं. वहीत अकरा गावच्या त्रेचाळीस बायका झाल्या होत्या. खाली मी आत्याबाईंचं नाव घातलं, जुनी नोंद म्हणून.

मी नवा अहवाल पाठवला, आणि मार्गशीर्षात नरसिंगरावांचं पत्र आलं. जागा तुमची, जानेवारीच्या पहिल्या सोमवारी हजर व्हावे. खाली एक ओळ होती: ‘आमच्या पाहणीच्या छापील तक्त्यात आता पहिला प्रश्न असा असेल: घरात कोण नाही, आणि ती कुठे गेली आहे?’

त्या रात्री ह्यांनी, मुदत वाढल्यामुळे पंचांगाखालीच राहिलेला, आपला कागद काढला आणि ‘इकडेच’ असं लिहून सही केली. मग म्हणाले, “तुझ्या सरांचा तो पहिला प्रश्न आपल्या घराला लाव बरं.”

आत्याबाई ट्रंकेत फडकी भरत होत्या. कुमूला सांभाळायला त्या माझ्याबरोबर येणार होत्या, आणि हैदराबादचं पाणी कसं असतं कोण जाणे, असं दहाव्यांदा म्हणून झालं होतं.

मी वही उघडली. घरात कोण नाही? चारुशीला, रेणुकाबाई, कुमुदिनी. कुठे गेल्या? हैदराबाद.

“आणि आहे कोण?” ह्यांनी विचारलं.

“व्यंकटेश,” आत्याबाई ट्रंकेचं झाकण दाबत म्हणाल्या. “त्याले सांग, पानी गाळून पी म्हना.”